लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर: काळ्या मातीतल्या एका रोजच्या गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी 2018 ची पेट्रोल स्विफ्ट, 78,000 किलोमीटर चाललेली. मालक दारव्हा–दिग्रस पट्ट्यातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या गावातला तरुण, घरचं कृषी केंद्र सांभाळणारा. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. माझं काम व्हील अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं, त्यामुळे गाडी सुरुवातीपासून माझ्याच रॅम्पवर होती.

तिचं रोजचं चालणं असं: घर ते दुकान, दुकान ते तालुका, माल आणायला किंवा बँकेच्या कामाला यवतमाळ. महिन्यातून एकदोनदा कारंज्याहून समृद्धीवर चढून नागपूर. उन्हाळ्यात लग्नं, म्हणजे पाच माणसं आणि डिक्कीत आहेर. जून लागला की त्याच डिक्कीत बियाण्याच्या आणि खताच्या गोण्या, कारण पेरणीच्या घाईत एखाद्या शेतकऱ्याचा सकाळी फोन आला तर चार गोण्यांसाठी कोणी मालाची वेगळी गाडी लावत नाही. युरियाची गोणी 45 किलोची, डीएपीची 50 किलोची. चार गोण्या झाल्या की डिक्कीत तीन माणसांचं वजन. शिवाय माल शेतावर पोचवायचा तर पांदण रस्ता, आणि पांदण म्हणजे ट्रॅक्टरच्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधला उंचवटा.

हे सगळं लिहायचं कारण, सस्पेन्शनचा निर्णय या यादीवरच झाला. गाडी कोणती, यावर फार कमी झाला.

अडचण

त्याच्या तक्रारी दोन होत्या आणि त्याने त्या एकत्र बांधून आणल्या होत्या. एक, वेग वाढला की गाडी तरंगते, समृद्धीवर लेन बदलताना डुलते. दोन, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट दिसते, गाडी "बकरीसारखी उभी" वाटते. दोन्हीवर इलाज एकच, गाडी खाली करायची, असं त्याने व्हिडिओ पाहून ठरवलं होतं. मोबाईलवर दोन कोटेशनं होती. 35 मिलिमीटर खाली करणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगचा सेट 22,000 रुपये, कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग–शॉकअपचा, सेट 84,000 रुपये.

"भाऊ, ह्या दोघातलं कोणतं टाकू तेवढं सांगा. पैशाचं मी पाहतो. फक्त बाबाले गाडी खाली झालेली दिसली नाही पाह्यजे."

मित्रांना दिसली पाहिजे, बाबांना दिसता कामा नये. एवढी बारीक उंची कुठल्याच कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नसते.

डिसेंबर 2022 मध्ये समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून "गाडी तरंगते" ही तक्रार माझ्याकडे वाढली. आधी याच गाड्या साठ–सत्तरच्या वर जातच नव्हत्या. तिथे कारला 120 ची मर्यादा आहे, त्या वेगाला थकलेलं शॉकअप लपत नाही. म्हणून या तक्रारीचा धागा स्प्रिंगला बांधायच्या आधी मी शॉकअप बघतो.

तपासणी

मागचे दोन्ही शॉकअप कोरडे होते, पण दाबल्यावर गाडी वर येऊन पुन्हा खाली जायची, मग थांबायची. पुढे डाव्या स्ट्रटवर (पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला भाग) तेलाचा ओलसर पट्टा, त्यावर बसलेली धूळ. स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडमध्ये खडखड, लोअर आर्मच्या मागच्या बुशला, म्हणजे रबरी सांध्याला, चीर. टायर पुढे आतल्या बाजूने किंचित जास्त झिजलेले.

इथे आपल्या जमिनीचा भाग येतो. काळ्या मातीतली चिकणमाती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत हलतो. त्यामुळे आपल्याकडच्या रस्त्यांना खड्ड्यांइतक्याच लांब लाटा असतात, आणि कडा खचलेल्या. खड्डा दणका देतो म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहतो. लाट मात्र शॉकअपला सतत ताणते आणि दाबते. लाटेवर गाडी वर गेली की स्प्रिंग तिला ढकलतच राहते. तो जोर गिळायचं काम शॉकअपचं. तो थकला की मालकाला वाटतं स्प्रिंग नरम आहे. मग तो कडक स्प्रिंग टाकतो, आणि थकलेल्या शॉकअपवर जास्त जोराची स्प्रिंग बसते.

दुसरं तपासायचं होतं ते म्हणजे चाकाला वर जायला प्रत्यक्षात किती जागा उरते. यासाठी महागडं काही लागत नाही. शॉकअपवरचं रबरी बूट सरकवलं, चकचकीत दांडीवर एक बारीक झिप-टाय घट्ट बांधला आणि तो खाली शॉकअपच्या तोंडाशी सरकवून ठेवला. चाक जेवढं वर जाईल तेवढा शॉकअप त्या टायला दांडीवर वर ढकलतो. खाली आल्यावर टाय तिथेच राहतो. मग मालकाला सांगितलं की जा, रोजच्या रस्त्याने जाऊन ये. आधी दोन माणसं घेऊन, मग मागे दोघं आणि डिक्कीत चार गोण्या टाकून.

दोन माणसांच्या फेरीत पुढचा टाय जंपिंग रबरापासून (चाक पूर्ण वर गेलं की दणका झेलणारं रबर) साधारण 30 मिलिमीटर अलीकडे थांबला होता, मागचा 40 च्या आसपास. गोण्या टाकलेल्या फेरीनंतर मागचे दोन्ही टाय रबरात रुतलेले मिळाले. एक तर तुटायच्या बेताला आला होता. म्हणजे कंपनीच्या उंचीवरसुद्धा ही गाडी भरलेली असताना मागची सगळी जागा वापरत होती.

मालकाने तो टाय बराच वेळ बोटात फिरवून पाहिला. माझ्या दहा वाक्यांनी झालं नसतं ते त्या दोन रुपयांच्या प्लास्टिकने केलं. 35 मिलिमीटरचा सेट तिथेच बाद झाला.

दोघांत फरक काय

लोअरिंग स्प्रिंग मूळ शॉकअपवरच बसते. स्प्रिंग आखूड आणि थोडी कडक, शॉकअपची लांबी तीच. म्हणून गाडी जेवढी खाली येते तेवढीच चाकाची वर जायची जागा कमी होते, मिलिमीटरला मिलिमीटर. कडकपणामुळे त्यातली थोडी जागा परत मिळते, सगळी मिळत नाही. शॉकअप त्याच्या दांडीच्या वेगळ्या भागात काम करायला लागतो आणि जंपिंग रबरावर जास्त वेळा आदळतो, म्हणून त्याचं आयुष्य घटतं.

कॉइलओव्हरमध्ये शॉकअपच्या बाहेर आटे असतात, त्यावरच्या रिंगा फिरवून उंची बदलता येते. चांगल्या सेटमध्ये शॉकअपची बॉडीच आखूड असते आणि उंची खालच्या ब्रॅकेटवर बदलते. त्यामुळे गाडी खाली करूनही चाकाची जागा बरीचशी शाबूत राहते. वर डॅम्पिंगची चकती, ती फिरवली की गाडी कडक किंवा नरम होते. फक्त चाकाच्या जागेचा हिशेब केला तर या प्रश्नाचं जास्त बरोबर उत्तर कॉइलओव्हर आहे, हे मी मालकाला आधीच सांगून टाकलं.

पण स्विफ्टच्या मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी तुळई. तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. त्यामुळे कॉइलओव्हरचा सेट घेतला तरी मागे स्प्रिंगखाली आट्यांची एक बैठक आणि बाजूला वेगळा शॉकअप एवढंच मिळतं. 84,000 मधला अर्धा अधिक जादूचा भाग पुढच्या दोन चाकांवर असतो, आणि या गाडीचं दुखणं मागे होतं.

ब्रेकरचं गणित

जमिनीपासूनच्या उंचीवर सगळे बोलतात, पण हिशेब क्वचित करतात. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर, पुढच्या–मागच्या चाकांमधलं अंतर 2,450. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 प्रमाणे गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा. म्हणजे त्याचा गोलवा 17 मीटर त्रिज्येचा होतो, आणि 25 च्या वेगाने तो आरामात पार व्हावा असा हिशेब आहे. अशा ब्रेकरवर स्विफ्टची पुढची–मागची चाकं एकाच वेळी ब्रेकरवरच असतात, आणि दोन्हींच्या मधला उंचवटा भरतो जेमतेम साडेचार सेंटिमीटर. 35 मिलिमीटर खाली केलेली गाडीसुद्धा तिथून हसत जाईल.

पण गावात कोणाची गाडी जोरात गेली, भांडण झालं, दुसऱ्या दिवशी लोकांनी टाकला, तो ब्रेकर एवढा रुंद नसतो. हातभर रुंद, वीतभर उंच. पुढची चाकं ओलांडून जातात, मागची अजून अलीकडे, आणि मध्ये तो पूर्ण उंचीने गाडीच्या पोटाखाली. 15 सेंटिमीटरचा असेल तर मूळ गाडीलाही रिकाम्या अवस्थेत फक्त सव्वा सेंटिमीटर उरतो. पाच माणसं बसली की घासते. या मालकाच्या रोजच्या रस्त्यावर असे ब्रेकर आहेत, आणि शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांचं एक क्रॉसिंगही. गाडी येत नाही, उंचवटा आहे.

इथे कॉइलओव्हरही मदत करत नाही. गाडी खाली म्हणजे खाली. ती आट्यांवर आहे की आखूड स्प्रिंगवर, हे ब्रेकरला कळत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला, स्प्रिंग कापणं. मालकाच्या मित्राने सुचवलेला, 1,500 रुपयांत होतो म्हणून. यावर चर्चा लवकर संपवली. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग वीस टक्के कडक होते, एवढंच असतं तर चाललं असतं. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक पूर्ण लटकलं की स्प्रिंग ढिली होऊन जागेवरून सरकू शकते. गॅसने कापली किंवा तापवून बसवली तर पोलादाचं पाणीच उतरतं. असल्या गाड्या माझ्याकडे येतात, मी त्या मूळ स्प्रिंग टाकल्याशिवाय अलाइनमेंटला घेत नाही.

दुसरा, काहीच खाली न करता फक्त झिजलेलं सगळं नवं टाकणं. माझा कल इथे होता.

तिसरा, नवे शॉकअप आणि 25 मिलिमीटरच्या स्प्रिंग.

चौथा, कॉइलओव्हर. याचा विचार आम्ही बसल्या जागी केला नाही. यवतमाळच्या एका ओळखीच्या ग्राहकाची दोन पावसाळे झेललेली कॉइलओव्हरची गाडी रॅम्पवर घेतली. पुढच्या रिंगा फिरल्या. मागच्या बैठकीच्या आट्यांत काळी माती अशी भरली होती की आटे दिसतच नव्हते. सुकून ती सिमेंट झालेली. हूक पान्हा घसरला, मग तेल मारून रात्रभर ठेवली, सकाळी पंच आणि हातोडीने एक रिंग सुटली, दुसरीचा दात तुटला. मालक बाजूला उभा राहून हे पाहत होता. "म्हणजे जूनमध्ये मागून वर कराची आन् दिवाळीत खाली, हे काही होत नाही." नाही होत, असं नाही. दर महिन्याला आटे धुवून, ग्रीस लावून, कपड्याचं आवरण बांधून ठेवलं तर होतं. ते करणारा माणूस हा नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं.

आणखी दोन मुद्दे कॉइलओव्हरच्या विरोधात गेले. गळका शॉकअप दुरुस्तीला बाहेर पाठवायचा, तोवर रोजची गाडी स्टँडवर. आणि त्याने पाहिलेल्या सेटची स्प्रिंग मूळपेक्षा बरीच कडक होती. रिकाम्या गाडीत एकटा माणूस लाटांच्या रस्त्यावर अशा स्प्रिंगवर गेला की मागचं चाक उड्या मारतं.

कायद्याचं बोलणं मी निर्णयाआधीच करतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182ए नव्या रूपात आलं. त्यात अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय विमा कंपनीला न सांगता बदल केला तर अपघातानंतर दावा अडवायला तिला कारण मिळतं. ही जोखीम स्प्रिंग आणि कॉइलओव्हर दोन्हींना सारखीच. मालकाला सांगितलं की हे तुझ्या डोक्यावर राहील, आणि विम्यावाल्याला आधी लेखी कळव. त्याने कळवलं.

निर्णय

दोन टप्प्यांत जायचं ठरलं. आधी झिजलेलं सगळं नवं. मग एक हंगाम गाडी चालवायची. त्यानंतरही खाली करायची असेल तर 25 चा सेट.

पहिला टप्पा पाऊस ओसरल्यावर झाला. चारही शॉकअप, पुढची माउंटिंगं, लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, अलाइनमेंट. मजुरीसकट 15,000 च्या आसपास. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळले. लटकत्या चाकांवर आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. हे बऱ्याच ठिकाणी घाईत राहून जातं.

नागपूरची एक फेरी मारून मालक परत आला. तरंगणं गेलं होतं. ट्रक ओलांडताना बाजूच्या वाऱ्याने गाडी थोडी हलते, पण लगेच बसते, असं त्याचं म्हणणं. तक्रारींतली पहिली इथे मिटली, आणि ती खाली न करता मिटली. दुसरी तशीच होती. फट काही शॉकअपने भरत नाही.

"मग आता कायले खाली कराची?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"दिसाले पाह्यजे ना भाऊ."

हे उत्तर मला चुकीचं वाटत नाही. माणूस गाडी नुसती पोचण्यासाठी घेत नाही. फक्त दिसण्यासाठीचा खर्च दिसण्याच्या खात्यात लिहायचा, सुरक्षिततेच्या नाही.

आता निर्णय एका गोष्टीवर अडला: गोण्या. मागे 25 मिलिमीटर खाली करायचे तर भरलेल्या गाडीची जागा उरतच नव्हती. त्याने कबूल केलं की जूनपासून माल छोट्या हत्तीने पाठवायचा, डिक्कीत गोणी टाकायची नाही. मी दुसरं सुचवलं होतं, फक्त पुढच्या दोन लावून मागे मूळ ठेवायच्या. त्याला ते पटलं नाही. नाक खाली आणि शेपूट वर अशी गाडी कशी दिसेल, आणि सेट चारचा विकत घ्यायचा तर दोन घरात कशाला. वडिलांना तेव्हा विचारलं गेलं नाही. त्यांना सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते ते नंतर कळलंच.

केलेलं काम

फेब्रुवारीत चारही स्प्रिंग बसवल्या. पुढच्या स्ट्रट पूर्ण उतरवून स्प्रिंग कॉम्प्रेसरवर उघडाव्या लागतात. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, म्हणून हे काम घरगुती पान्ह्यांचं नव्हे. सेटसोबतच्या कागदावर जंपिंग रबर कापायला सांगितलं नव्हतं, म्हणून कापलं नाही. बसवल्यावर गाडी उचलून चारही चाकं लटकवली आणि प्रत्येक स्प्रिंग हाताने फिरवून पाहिली. फिरली तर ती ढिली आहे, परत पाठवायची. एकही फिरली नाही.

अलाइनमेंटला पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही बाजूंनी सुमारे अर्धा अंश आत गेलेला दिसला. या गाडीत कॅम्बर जुळवायला फारशी जागा नाही, तेवढा राहू दिला. टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली) मात्र बिघडला होता, तो टाय रॉडवर जुळवला. हेडलाइटचा बीम पुन्हा लावला. स्प्रिंग थोड्या बसल्यावर पुन्हा अलाइनमेंटला बोलावलं, तेव्हा आणखी तीन–चार मिलिमीटर उतरलेली होती.

गाडी छान दिसत होती, हे लिहायला हवं. फट दोन बोटांवर आली. वडिलांच्या लक्षात आलं नाही. मालक हसत सांगायचा, "बाबाले काही कळलं नाही, आजीच्या गुडघ्याले कळलं." लग्नाला जाताना आजीला सीटवरून उठवायला आता हात द्यावा लागत होता.

पुढे काय झालं

मेपर्यंत सगळं ठीक. त्याने ब्रेकरवर तिरपी गाडी घालायची सवय लावून घेतली. उंच ब्रेकरवर एकेक चाक चढवलं की पोट वाचतं.

जूनमध्ये पेरणीचा पाऊस पडला आणि ठरलेलं सगळं मोडलं. छोटा हत्ती दुसऱ्याच्या भाड्यावर, गिऱ्हाईक दुकानात उभं, वडिलांनी स्वतः डिक्की उघडून गोण्या टाकल्या. मुलाने अडवलं तेव्हा खरं बाहेर आलं. "गोण्या नाई टाकाच्या त गाडी घेतली कायले?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

जुलैच्या सुरुवातीला गाडी आली तेव्हा तक्रार "मागून दणका येते" एवढीच होती. डावीकडचं मागचं जंपिंग रबर उभं चिरलेलं, त्याच बाजूचा नवा शॉकअप तेलाने ओला. ऑक्टोबरात टाकलेला, वर्षही न झालेला. चाकावरच्या आतल्या प्लास्टिकवर टायर घासल्याचा काळा पट्टा.

इथे टॉर्शन बीमचा फायदा झाला. मागे स्प्रिंग वेगळी असल्याने शॉकअपचे खालचे बोल्ट काढले, बीम जॅकवर हळू खाली सोडला की स्प्रिंग हाताने निघते. पुढच्यासारखा कॉम्प्रेसर नाही, आणि मागचा कॅम्बर–टो बीममध्येच पक्का असल्याने अलाइनमेंटही बिघडत नाही. मूळ स्प्रिंग परत बसवल्या. मागचे दोन्ही शॉकअप आणि रबरं बदलली, कारण एकच बदलला तर दोन्ही बाजूंची पकड वेगळी राहते. पुढच्या लोअरिंग स्प्रिंग तशाच ठेवल्या.

आता गाडी रिकामी असताना नाकाकडे किंचित झुकलेली दिसते, गोण्या टाकल्या की सरळ होते. पुढून कडक आणि मागून मूळ, त्यामुळे वळणावर जोर केला तर गाडी बाहेरच्या बाजूला आधी सरकते. घरच्या गाडीसाठी ती सुरक्षित बाजू आहे. तरी अर्धा सेट लावणं हे स्प्रिंग बनवणाऱ्याच्या शिफारशीत बसत नाही, हे मालकाला बिलावर लिहून दिलं. पुढच्या टायरची आतली कड थोडी जास्त झिजते. टायर आलटूनपालटून घ्यायला तो वेळेवर येतो.

एकूण खर्च सगळा धरून 45,000 च्या पुढे गेला. कॉइलओव्हरच्या कोटेशनच्या अर्ध्याहून थोडा जास्त, आणि त्यातले मागच्या शॉकअपचे पैसे दोनदा.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

दोन टप्प्यांमुळे पुढची स्ट्रट दोनदा उघडली, मजुरी दोनदा लागली. ज्याला खाली करायचीच आहे हे पक्कं असेल, त्याला मूळ शॉकअप टाकून मग स्प्रिंग बदलण्यापेक्षा एकत्र जुळवलेला स्प्रिंग–शॉकअपचा संच एकदाच टाकणं स्वस्त पडतं. या मालकाच्या बाबतीत मात्र मी टप्पेच ठेवले असते. तरंगणं शॉकअपने गेलं हे त्याला वेगळं कळलं नसतं, तर पुढे तो प्रत्येक तक्रारीवर आणखी कडक स्प्रिंग मागत राहिला असता.

बदलायचा भाग वेगळा आहे. वजनाचा निर्णय त्याने दिलेल्या शब्दावर झाला, आणि तोही घरातल्या एकाच माणसाच्या. झिप-टायची फेरी पेरणीची घाई नसताना कृत्रिम वजन टाकून झाली. जूनमधल्या खऱ्या आठवड्यात, वडील गाडी चालवत असताना झाली असती तर मागच्या स्प्रिंग विकत घेण्याआधीच प्रश्न सुटला असता. आता गाडी खाली करायची म्हणून कोणी आलं की मी विचारतो, घरात ही गाडी आणखी कोण चालवतं, आणि वर्षातला सगळ्यात जड आठवडा कोणता. कापसाच्या पट्ट्यात उत्तर वेगळं येतं, संत्र्याच्या पट्ट्यात वेगळं, शिक्षकाच्या घरी मे महिना येतो.

कॉइलओव्हर मी सरसकट नाकारत नाही. वजनाला दुसरी गाडी असलेला, बहुतेक चालणं काँक्रीटच्या महामार्गावर असलेला आणि आटे धुवायची शिस्त असलेला माणूस आला तर मी त्याला आखूड बॉडीचा, खालच्या ब्रॅकेटवर उंची बदलणारा सेटच सांगेन, आणि तो कॅटलॉगच्या फोटोपेक्षा बराच वर लावून देईन. पुढे 20, मागे 10 मिलिमीटर असं आपल्याला हवं तसं वेगवेगळं उतरवायची सोय स्प्रिंगच्या तयार सेटमध्ये मिळत नाही. आपल्या रस्त्यांवर कॉइलओव्हरचे पैसे वसूल होतात ते गाडी कमी खाली करता येते म्हणून. पंधरा हजारांत मिळणारे "अॅडजस्टेबल" सेट यात धरलेले नाहीत. ज्यांत फक्त स्प्रिंगची बैठक सरकते आणि शॉकअप मूळ लांबीचाच राहतो, त्यांत चाकाची जागा लोअरिंग स्प्रिंगइतकीच जाते, वर आटे सांभाळायचं काम वाढतं.

काढलेल्या मागच्या दोन स्प्रिंग अजून विकल्या गेल्या नाहीत; अर्धा सेट कोणी घेत नाही. पुढच्या मूळ स्प्रिंग तेल पुसून, डावी–उजवी लिहून दुकानाच्या माळ्यावर ठेवल्या आहेत. गाडी विकायची वेळ आली की त्या परत बसवून, अलाइनमेंट करून द्यायची, असं ठरलं आहे.